एक मूठ कमी

माझा भाऊ काशिनाथ परदेशात आंबा विकायला निघाला होता आणि विकलं गेलं ते भलतंच. मधले नऊ महिने आमच्या घरात काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. मला तर सगळ्यांत कमी कळत होतं, आणि घरात इंग्रजी पत्रं वाचणारी मी एकटीच.

आम्ही जामसंड्याचे. मी सरला, हायस्कुलात इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलायला कायमचा विषय झाला. वडील, म्हणजे अप्पा, निवृत्त मास्तर. घरात सगळे मालवणी बोलतात, मी मात्र शाळेच्या सवयीने प्रमाण मराठी, आणि अप्पा रागावले किंवा त्यांच्यातला मास्तर जागा झाला की पुस्तकी मराठीत शिरतात. काशिनाथ माझ्याहून धाकटा. बांधकाम खात्यातली चांगली कारकुनी सोडून त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना काढला. जोडीला आमसुलं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. कामाला आठ बायका, त्यांच्यावर देखरेख त्याच्या बायकोची, नर्मदेची. नर्मदेचं माहेर खारेपाटणच्या पलीकडे, आत खेड्यात. ती बोलते कमी, पण एकदा नाही म्हणाली की तिच्यापुढे आम्ही सगळे हात टेकतो.

तीन हंगाम झाले तरी कारखाना काही पायावर उभा राहीना. रस काय, जिल्ह्यात जो तो काढत होता. तेव्हा काशिनाथाने ठरवलं की आपला माल समुद्रापलीकडे गेला पाहिजे. त्याने गुळगुळीत कागदावर हापूसचं चित्र छापून माहितीपत्रक काढलं. त्यातलं इंग्रजी माझं आहे, आणि ते आता वाचलं की माझी मलाच लाज वाटते. शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये अप्पांनी त्याला समोर बसवलं.

"काशिनाथ, पुढच्या महाशिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा भरेल, तोवर मी थांबेन. तोवर परदेशातून एकही मागणी आली नाही, तर तू दादरला भिकाजीकडे नोकरीला जाशील. शेड सिमेंटच्या गोदामाला देण्यात येईल."

भिकाजी म्हणजे आमचा चुलतभाऊ. काशिनाथ हसून बरं म्हणाला. त्याला खात्री होती. त्या आठ बायकांना कोणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात मुंबईचे एक दलाल, हरिश्चंद्र सामंत, खरोखरच एका गोऱ्या माणसाला घेऊन आले. रॉटरडॅमचे व्हिसर. उंचेपुरे, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पायात सँडल. आम्ही टेबलावर हापूस मांडले, वाट्यांतून रस ठेवला, डब्यांची उतरंड रचली, वर माहितीपत्रक. व्हिसरनी एक चमचा रस घेतला, छान आहे म्हणाले आणि पुढे शांतपणे सांगितलं, की असा रस त्यांना दुसरीकडून जहाजं भरभरून मिळतो. काशिनाथाचा चेहरा बघवेना. तीन वर्षांची मेहनत एका चमच्यात संपली होती.

सकाळी व्हिसर कुणकेश्वरच्या वाळूत अनवाणी मैल दोन मैल चालून आले होते. खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाचा फुटल्या होत्या आणि उठताना ते कळवळले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नर्मदेने पाय बघितले. ती आत जाऊन कोकमाच्या तेलाची एक मूठ घेऊन आली, तळहातात जराशी उबवली आणि टाचेला लावा म्हणून खुणेने दाखवलं.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं. निवलं की ते तुपासारखं थिजतं. मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून एका गोळ्याला मूठच म्हणायचं. बाजारात मिळतं ते पिवळट आणि धुरकट वासाचं. नर्मदेचं मात्र पांढरंशुभ्र, बिनवासाचं. तिच्या आईची रीत अशी, की दोनदा उकळायचं आणि दोनदा धुतल्या पंच्यातून गाळायचं. त्या रीतीबरोबर आईने एक अटही घालून दिली होती. हे औषध आहे, याचे पैसे घ्यायचे नाहीत. घेतले की हातातला गुण गेला.

व्हिसरनी टाचेला लावलं आणि मध्येच थांबले. हुंगून बघितलं. अंगठ्याने दाबून, ते बोटावर कसं विरघळतं ते डोळे बारीक करून बघत राहिले. काशिनाथ आपला आंब्याचा डबा पुढे सरकवतोय आणि व्हिसर तो बाजूला करतायत.

"याचा भाव काय, विचारतायत," सामंत म्हणाले.

नर्मदेने मान हलवली. आणखी दोन मुठी कागदात बांधून तिने त्यांच्या हातात ठेवल्या. "पाय बरे होतले म्हणान सांगा तेंका," ती म्हणाली, आणि रसाच्या वाट्या उचलून आत गेली.

जुलैत पत्र आलं. मी ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्या पांढऱ्या तेलाचा भाव कळवा, वर्षाला किती निघेल ते कळवा, सुरुवातीला पन्नास किलो हवं.

"म्हणजे तेका नेमको आंबो होयो काय तेल होयां?" काशिनाथाने विचारलं.

"आंब्याचं नावही नाही यात."

"तसां नसता गो ताई. मोठे लोक आधी गोड बोलतत. तेल बरां लागलां म्हणान लिवल्यान. धंदो तो आंब्याचोच करतलो."

त्याने रसाची दरपत्रिका पाठवली आणि साहेबाला खूश करायला सहा मुठी भेट. भेटीबरोबर माझ्याकडून चार गोड ओळी लिहून घेतल्या. मी त्या लिहिल्याही. चुकतंय असं वाटत होतं, पण काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. भेटीबद्दल आभार, परंतु भाव सापडला नाही. रसाची दरपत्रिका कृपया पुन्हा पाठवू नये. आता मात्र घरात चर्चा सुरू झाली. तेल टाचेला लावतात, त्यापलीकडे त्याचा उपयोग आम्हाला ठाऊकच नव्हता. अप्पांनी नकाशाचं पुस्तक काढलं.

"शीत प्रदेशात त्वचा फुटते. हॉलंडची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास. म्हणजे साधारण तीन कोटी टाचा."

तीन कोटी टाचा म्हटल्यावर काशिनाथ उठून उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्याने विचारलं, "गो, तुझ्या तेलाचो भाव काय सांगया?"

"माझ्या तेलाक भाव नाय," नर्मदा म्हणाली.

"अगो, तो पैशे देऊक तयार आसा."

"पाय फुटलेल्या माणसाचे पैशे मी घेवचंय नाय. तेंका होयां तर मी आणखी देतंय. तशेच देतंय."

"पन्नास किलो तशेच देतलंस?"

ती भाकरी थापत राहिली. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांचंही पटत होतं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

काशिनाथाने मग आपली अक्कल चालवली. बाजारातून पिवळं तेल आणलं, त्याचा नमुना पाठवला आणि त्यावर भाव लिहिला. नर्मदेला सांगितलं नाही. सप्टेंबरात जे उत्तर आलं ते वाचताना माझे कान तापले. हा तो माल नव्हे. आपल्याला विकायचं नाही असं दिसतं, तसं असल्यास स्पष्ट कळवावं.

मला राग आला. भावाचा आला, अप्पांच्या तीन कोटी टाचांचा आला, पण सगळ्यांत जास्त माझाच आला. वीस वर्षं मी पोरांना काय, का, कुठे, केव्हा हे प्रश्न विचारायला शिकवतेय. आणि एक माणूस तीन पत्रं लिहितो, त्याला आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला हे कशाला हवंय? विकणाऱ्याने असं विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाला कारण विचारणं म्हणजे अगोचरपणा, असंच आमच्याकडे समजतात. मी शाळेतूनच पत्र टाकलं. काशिनाथाला विचारलं नाही. लिहिलं, आमचा फार गोंधळ झाला आहे. आपण या तेलाचं करता काय? आपल्याकडे इतक्या लोकांचे पाय फुटतात का?

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं, आणि पत्राबरोबर एक लहानसं पुडकं. आत लिपस्टिक. व्हिसरनी मनापासून लिहिलं होतं, बहुधा हसत. पायांचा काही संबंध नाही. हे तेल उन्हाळ्यातही घट्ट राहतं आणि ओठाला लागलं की विरघळतं. असा पदार्थ ते दोन वर्षं शोधत होते.

काशिनाथ कपाळाला हात लावून बसला. अप्पांनी नकाशाचं पुस्तक गुपचूप कपाटात ठेवलं. नर्मदा लिपस्टिक हातात घेऊन नळी वरखाली फिरवत होती.

"ताई, ह्यां लावन दुखणां बरां होता?"

"नाही गं."

"मगे कित्याक लावतत?"

"बरं दिसायला."

तिने नळी मिटून टोपण लावलं. काशिनाथ तिच्याकडे बघत होता.

"बरां दिसूच्या वस्तूचे पैशे घेवक हरकत नाय," ती शेवटी म्हणाली. "तां औषध न्हंय."

घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. भाव गेला, मागणी आली. पन्नास नव्हे, दोनशे किलो, नोव्हेंबरअखेर. पण त्याच दिवशी नर्मदा माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, टोप तोच, पंचो तोच, हात तोच. मी शिजवतंय तेव्हा त्या तेलाक खंय ठावक, आपण टाचेक जातलां काय ओठाक?"

मी वह्या तपासायला घेतल्या. पुढे दोनदा तिने तेच विचारलं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

लोकांनी जूनमध्ये उकिरड्याच्या वाटेवर टाकायला ठेवलेल्या बिया काशिनाथ गावोगाव फिरून गोळा करून आला. बायका हसायच्या, म्हणायच्या, काशिनाथाक याड लागलां. मग त्याच कुटायला बसायच्या. शेडमध्ये तीन चुली लागल्या. दोनदा उकळ, दोनदा गाळ. नर्मदा रात्रंदिवस उभी. बारा डबे भरायचे होते, आणि बाराव्याला तेल कमी पडलं. तेव्हा घरात औषधाला ठेवलेल्या तेलाची बरणी खरवडून तिने त्यात घातली. माझ्या डोळ्यांसमोर घातली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डबे वजन करून, झाकणांना कथलाचा डाग देऊन बंद केले. वजनाचे कागद मुंबईला सामंतांकडे रवाना झाले. सामंतांनी बजावून ठेवलं होतं, पहिलाच माल आहे, कागदावरचं आणि डब्यातलं वजन जुळलं नाही तर सगळा माल परत येईल आणि हे गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवणार नाही. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

त्या दुपारी राधाबाई आली. कुणकेश्वरची म्हातारी. चार महिने शेताच्या चिखलात पाय, त्यामुळे थंडी पडली की तिच्या टाचा उकलतात, आणि दर वर्षी ती नर्मदेकडे एक मूठ न्यायला येते. येताना अळूची जुडी आणते. या खेपेला टाचांतून रक्त येत होतं. फडकं बांधलं होतं, तेही भिजलं होतं.

नर्मदा उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती रिकाम्या बरणीपुढे उभी होती.

बाहेर काशिनाथ म्हणाला, "आज्ये, आज तेल नाय गो. फुडल्या आठवड्यात ये."

"येतंय," म्हातारी म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. कुरकूर नाही, काही नाही. ती कुरकुरली असती तर बरं झालं असतं.

नर्मदा शेडमध्ये गेली. पटाशी आणि हातोडी घेऊन तिने बाराव्या डब्याचं झाकण उचकटायला घेतलं. काशिनाथ धावला.

"गो, काय करतंस? कागद गेले मुंबयक. एक मूठ कमी झाली तर सगळां परत येतला. माका दादराक जावचां लागतला, ह्यां तरी कळता तुका?"

"कळता," ती म्हणाली. "तुमी दादराक गेलात तर मी रडान. पण ती तशी परत गेली तर मी हय रवान काय करू?"

काशिनाथाने तिचा हात धरला होता. तो त्याने सोडला. मी आजवर त्याला पुष्कळ बोलले आहे, पण तो हात सोडला त्याबद्दल मी त्याला कधी बोलणार नाही. नर्मदेने एक मूठ काढली, म्हातारीच्या ओटीत घातली आणि पंधरा दिवसांनी पाय दाखवायला ये म्हणून सांगितलं. डबा पुन्हा डाग देऊन बंद झाला. नवा कागद करायला वेळ नव्हता. मी व्हिसरना चार ओळी लिहिल्या, बाराव्या डब्यात एक मूठ कमी आहे, तिची इथे गरज होती.

टेम्पो गेला, आणि घरात दोन माणसं वाट बघायला लागली. काशिनाथ पोस्टमनची. नर्मदा राधाबाईची. बायका शेडमध्ये नुसत्याच येऊन बसायच्या आणि जायच्या.

एका संध्याकाळी नर्मदेने मनातलं बोलून टाकलं. "ताई, त्या मुठीचो भाव ठरललो. डब्यात गेल्ली ती. मगे तां औषध ऱ्हवलां काय? गुण गेलो आसात तर मी आवशीक काय तोंड दाखवू?"

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तिचा हात हातात घेतला. इतकंच केलं, कारण मलाही भीती वाटत होती.

पंधरा दिवस झाले, म्हातारी आली नाही. अठरा झाले. नर्मदा जेवायची कमी झाली. विसाव्या दिवशी दुपारी बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, खडखड झाली आणि राधाबाई आली, हातात अळूची जुडी, उशीर का तर नातीचं बारसं होतं. नर्मदेने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पायरीवर बसवून तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि टाचांवरून अंगठा फिरवला. भेगा मिटल्या होत्या. कातडी मऊ झाली होती. नर्मदा म्हातारीच्या पावलांवर डोकं टेकून रडली, आणि म्हातारीला बिचारीला कळेना की आपलं काय चुकलं.

पोस्टमन आला तो थेट फेब्रुवारीत, जत्रा आठ दिवसांवर असताना. काशिनाथाची ट्रंक भरून झाली होती. पत्र मी पडवीतच फोडलं. माल उत्तम आहे. पुढच्या वर्षी तिप्पट हवा. बाराव्या डब्यातली तूट किरकोळ असल्याने पूर्ण बारा डब्यांचे पैसे पाठवले आहेत.

काशिनाथ मटकन खाली बसला. अप्पा मालवणीत म्हणाले, "भिकाजीक लिव, तो येना नाय म्हणान," आणि डोळे पुसायला आत गेले. शेडमध्ये बातमी गेली, तिथून बायकांचा गलका ऐकू आला. नर्मदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. मग तिचा चेहरा बदलला.

"त्या मुठीचेय पैशे दिल्यान?"

"हो. पूर्ण दिले."

"ते परत करूक होये."

काशिनाथाने माझ्याकडे बघितलं. मी अप्पांच्या दाराकडे बघितलं.

"राधाबायचे पाय बरे झाले," नर्मदा म्हणाली. "म्हणजे तां औषधच होतां. औषधाचे पैशे घेवचे नाय."

"विदेशी चलनात एवढी क्षुल्लक रक्कम परत पाठवण्याची सोय कोणत्याही बँकेत नसावी," आतून अप्पांचा आवाज आला.

या वेळी काशिनाथानेच उठून माझ्यापुढे कागद आणि पेन आणून ठेवलं. डिअर मिस्टर व्हिसर, एवढं लिहून मी थांबले. अकरा डबे आणि बाराव्यातलं बाकीचं तेल विकलं, पण एक मूठ विकली नाही, आणि ती का विकली नाही, हे रॉटरडॅमच्या माणसाला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

नर्मदा पाट घेऊन माझ्यासमोर बसली.

"लिवा ताई. सावकाश लिवा," ती म्हणाली. "तेका समजूक होयां."